प्रतिसाद: बाहेरची स्कॉलरशिप आणि कॉलेजची एड

इथे एकाने म्हटलंय की मुलीला मंडळाची, म्हणजे कॉलेजबाहेरची, २००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली म्हणजे फी तेवढी कमी होणार, पण अमेरिकेत तसं होईलच असं नाही हां. बाहेरची स्कॉलरशिप कॉलेजला कळवावीच लागते, आणि नीड-बेस्ड एड (कुटुंबाची ऐपत बघून दिलेली मदत) असेल तर एकूण मदत नीडच्या, म्हणजे खर्चातून कुटुंबाला परवडणारी रक्कम वजा करून उरते त्याच्या, वर गेली की कॉलेजवाले आपलं मदतीचं पॅकेज कापतात. आता आधी लोन आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारे पैसे) कापलं तर उत्तमच, पण काही ठिकाणी सरळ स्वतःची ग्रँटच (परत करावी न लागणारी मदत) कमी करतात, म्हणजे मुलीने निबंध लिहायचे आणि पैसे वाचणार कॉलेजचे! मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांसाठी याविरुद्ध कायदा केला, नंतर न्यू जर्सी, कॅलिफोर्नियानेही. तुम्ही फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलवरच विचारा, आधी काय कापता म्हणून.