सांकेतिक भाषा शिकते आहे, पण प्रगती मोजायची कशी?

नमस्कार.

गेले चार महिने मी भारतीय सांकेतिक भाषा घरच्या घरी शिकत आहे. आमच्या विभागात नव्याने रुजू झालेले एक सहकारी जन्मतः कर्णबधिर आहेत, आणि त्यांचे व माझे काम एकमेकांवर इतके अवलंबून आहे की प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून दाखवण्यात दोघांचाही दिवस खर्ची पडतो. शिकायला सुरुवात करण्यामागे एवढेच साधे कारण आहे. पहिल्या दिवसापासून मी नोंद ठेवली आहे, आणि माझी अडचण त्या नोंदीतूनच उभी राहिली आहे.

वहीत तीन रकाने आहेत : तारीख, शब्द, आणि खूण आठवली की नाही. आठवड्यातून पाच दिवस चार-पाच नवे शब्द घ्यायचे आणि शनिवारी उजळणी करून बरोबर आलेल्या शब्दापुढे टिकमार्क करायचा, असा क्रम मी सहसा मोडलेला नाही. आज आकडा ४१२ वर आहे. तो वाढताना पाहून बरे वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

मागच्या आठवड्यात या सहकाऱ्यांनी मला खुणांनी काहीतरी विचारले. ‘दोन’ आणि ‘पाठवणे’ एवढे मला कळले, म्हणून मी मान डोलावली. ते थांबले, त्यांनी तेच पुन्हा विचारले आणि मी पुन्हा मान डोलावली. मग ते हसले, त्यांनी दोन बोटे आपल्या डोळ्यांखाली टेकवून ‘इकडे बघा’ असे सुचवले आणि सावकाश विचारले : मसुदे दोन आहेत, आधी पाठवायचा कोणता? ज्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे असूच शकत नाही, त्याला मी दोनदा ‘हो’ म्हटले होते. घरी येऊन वही उघडली. मसुदा, दोन, आधी, पाठवणे, कोणता, हे पाचही शब्द तिच्यात होते आणि पाचही शब्दांपुढे टिकमार्क होता.

वहीखेरीज, दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतःची ओळख करून देणारा तोच मजकूर खुणांनी सांगून त्याचे चित्रण करते. पहिले आणि चौथे चित्रण शेजारी-शेजारी लावून पाहिले, तर हात नक्कीच सफाईने चालू लागले आहेत. चेहरा मात्र दोन्हींत ओळखपत्रावरच्या छायाचित्रासारखा कोरा आहे. बोलीत आवाजाच्या चढउताराने जे होते, त्यातले बरेचसे काम या भाषेत चेहरा करतो हे मी वाचले होते. ‘तुम्ही आलात’ आणि ‘तुम्ही आलात का’ यांत हातांच्या खुणा त्याच राहतात, भुवया उंचावल्या की प्रश्न होतो. वाचलेले चेहऱ्यावर उतरत नाही, इतकेच.

आणखी एक घोटाळा नंतर लक्षात आला. सुरुवातीला ज्या ॲपवरून मी शिकले, त्यावरच्या खुणा अमेरिकी सांकेतिक भाषेच्या होत्या. ही भाषा जगभर एकच असेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात इंग्रजी ही समान बोलभाषा असूनही अमेरिकी आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा परस्परांना कळत नाहीत, आणि अमेरिकी भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. एका हाताने इंग्रजी मुळाक्षरे काढून दाखवली तेव्हा सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसले, त्यावरून हे उलगडले, कारण आपल्याकडे ती दोन्ही हातांनी काढतात. त्यामुळे ४१२ पैकी किती खुणा ग्राह्य धरायच्या, हाही प्रश्नच आहे.

या भाषेत मुरलेल्यांना माझे विचारणे असे : शब्दांची संख्या मोजणे सोडून द्यावे का, आणि सोडले तर त्याऐवजी काय मोजावे? समोरच्याचे कळणे घरी एकटीने कसे तपासावे? शिवाय मी डावखुरी आहे. खुणा उजव्या हाताने करण्याची सवय लावून घ्यावी का?

प्रतिसाद १

मी सहा वर्षांपासून शिकत आहे आणि तुमच्यासारखीच वही मीही भरली आहे. तुमचा तिसरा रकाना पुन्हा एकदा पाहा. तुम्ही शब्द वाचता आणि खूण आठवता. खूण पाहून शब्द ओळखता येतो का, हे त्या वहीत कधी तपासलेच गेलेले नाही. ही दोन कौशल्ये वेगवेगळ्या गतीने वाढतात. शिवाय सुटी खूण आणि वाक्याच्या ओघातली खूण यांत फरक पडतो : ओघात दोन हातांची खूण कधी एकाच हाताने उरकली जाते, तर कधी तिची जागा पुढच्या खुणेकडे सरकते.

मी पुढे जे केले ते सांगते. दर आठवड्याला कर्णबधिर व्यक्तीने केलेले, सुमारे ३० सेकंदांचे चित्रण निवडायचे, आणि व्यक्ती दर वेळी वेगळी असावी, कारण एकाच शिक्षकाचे हात ओळखीचे झाले की प्रगतीचा भास होतो. उपशीर्षके बंद ठेवून एकदा पाहायचे, कळले ते लिहायचे, मग पुन्हा पाहायचे. मुख्य मुद्दा कळायला कितव्यांदा पाहावे लागले, तो आकडा वहीत लिहायचा. माझा आकडा सातावरून तीनवर यायला वर्ष लागले, आणि मध्ये दोन महिने तो हललाही नाही. पाहताना नजर चेहऱ्यावर ठेवा. हात डोळ्यांच्या कडेने दिसतात. तुमच्या सहकाऱ्यांनी डोळ्यांखाली बोटे टेकवली ती बहुधा यासाठीच. बोटांनी काढलेला शब्दही एकेक अक्षर जुळवून वाचू नका, सबंध शब्दाचा आकार पकडायचा प्रयत्न करा.

अमेरिकी खुणांबाबत इतके हळहळू नका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशाची तिसरी आवृत्ती २०२१ साली आली, तीत १०,००० शब्द आहेत आणि खुणांची चित्रणे पाहता येतात. त्याच्याशी ताडून पाहा, पण सहकारी वेगळी खूण करत असतील तर त्यांची घ्या, कारण एकाच शब्दाच्या खुणा प्रदेशागणिक बदलतात.

चेहऱ्यासाठी एक व्यायाम : हात मांडीवर ठेवून, केवळ चेहऱ्याने आणि मानेने दहा वाक्ये ‘विचारा’ आणि त्याचे चित्रण करा. पहिल्या दिवशी फार लाज वाटते.

प्रतिसाद २

डावखुरेपणाबद्दल. हात बदलू नका. मीही डावखुरा आहे. एका हाताच्या खुणा डाव्या हाताने करायच्या, आणि दोन हातांच्या खुणांत जो हात मुख्यतः हलतो तो डावा ठेवायचा. मात्र एकाच वाक्यात कधी उजवा, कधी डावा असे करू नका, पाहणाऱ्याचा गोंधळ होतो. मोबाइलचा पुढचा कॅमेरा पडद्यावर आरशासारखी उलट प्रतिमा दाखवतो, तेव्हा स्वतःचे चित्रण तपासताना हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद ३

मी स्वतः कर्णबधिर आहे आणि सांकेतिक भाषा ही माझी पहिली भाषा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्या ४१२ शब्दांपेक्षा त्या दोन ‘हो’ची मला अधिक काळजी वाटते. न कळता मान डोलावणारी माणसे आम्हाला रोज भेटतात, आणि त्यांच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य खरोखर पोहोचले की नाही याची राखण आम्हालाच करावी लागते. ‘पुन्हा’, ‘सावकाश’, ‘कळले नाही’ आणि ‘या खुणेचा अर्थ काय’ या चार गोष्टी आधी हातात बसवा आणि त्या वापरण्याचा संकोच सोडा. मोजायचेच असेल तर दिवसातून किती वेळा कागद घ्यावा लागला ते मोजा, आणि किती वेळा न कळता मान डोलावली तेही प्रामाणिकपणे लिहा.

वाक्यरचनेला तुम्ही मराठी भाषक म्हणून घाबरू नये. आमच्याकडे क्रियापद सहसा कर्माच्या नंतर येते आणि प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. तुमच्या सहकाऱ्यांनीही ‘कोणता’ शेवटीच विचारले असणार. तिथपर्यंत तुमचे लक्ष टिकले नाही.

मूळ लेखिका

सर्वांची आभारी आहे. तिसऱ्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य टोचले, पण ते खरे आहे : दोन ओळखीच्या खुणा दिसताच मी उरलेले वाक्य मनाने पुरे केले होते. वहीत आता दोन नवे रकाने आखले आहेत, ‘कितव्यांदा कळले’ आणि ‘कागद किती वेळा’. काल पहिल्या रकान्यात ९ लिहिले. दुसऱ्यात ६ लिहिले असते, पण सहाव्या वेळी मी कागद ओढला तेव्हा सहकाऱ्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि तेच वाक्य सावकाश पुन्हा केले. त्यामुळे ५ लिहिले आहेत.