प्रतिसाद: ठाणे ते नागपूर, एका दिवसात

वयस्कर आईवडिलांना घेऊन समृद्धी महामार्गाने एका दिवसात नागपूर गाठता येईल का, असे आपण विचारले आहे. निश्चित येईल, मात्र सकाळी १० वाजता निघण्याचा आपला बेत बदलावा, असे मनापासून सुचवतो. भिवंडीजवळच्या आमणे येथून नागपूरपर्यंतचे अंतर ७०१ किलोमीटर असून सपाट भागात कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, तरी सरासरी ९० धरून थांब्यांसह १० तास मोजावेत. पहाटे ५ ला निघाल्यास भिवंडीची कोंडी टळते आणि उजेडातच पोहोचता येते. पूर्वेकडे जाताना सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते, म्हणून गॉगल हाताशी असावा.

खरी काळजी टायरची घ्यावी. सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगाने धावताना टायर तापतो आणि जुना असल्यास फुटण्याचा धोका वाढतो. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर असेल तर नक्षी शाबूत दिसली तरी बदलूनच निघावे. हवा आदल्या दिवशी, टायर थंड असताना तपासावी. रस्ता सरळ असल्याने चालकाला गुंगी येते. दर दोन तासांनी उतरावेच, आईवडिलांचे पायही मोकळे होतील.