ओढ्याच्या तोंडाशी बसलेला राडारोडा: काढायचा, पेरायचा की त्यावर घर बांधायचं?

मोरणाकाठ (पाटण)

नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यात, मोरणेच्या खोऱ्यात. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव इथं दरडी कोसळल्या, त्याच पावसात आमच्या वरच्या डोंगराचाही एक लचका सुटला. माणसं वाचली, देवाची कृपा. पण ओढ्यानं जे खाली आणलं ते सगळं आमच्या सव्वा एकर भातखाचरांवर येऊन बसलं. ओढा डोंगरातून बाहेर पडून नदीकडच्या सपाटीला लागतो, नेमकी तिथंच ही खाचरं होती. बांध कुठं होते ते आता दाखवता येत नाही. वरच्या अंगाला माणसाच्या उंचीचे धोंडे, मधे तांबडा चिखल आणि मुरूम, त्यात मुळासकट उपटलेली झाडं. कुठं कमरेइतका थर, कुठं डोक्याच्या वर.

गेल्या पावसाळ्यात खालच्या कडेला भुईमूग टोकला. वीतभर आला आणि पिवळा पडला. उन्हाळ्यात कुदळ मारली तर ठिणगी उडते. घरात आता एकमत होईना. आबा म्हणतात, जेसीबी लावा आणि सगळं नदीत लोटून द्या. मी म्हणतो, धोंडे बाजूला करून पेरत राहू, दोन-चार वर्षांत जमीन सुधारेल. थोरले बंधू म्हणतात, जागा आता नदीपासून चांगली उंच झालीय, पुराचं पाणी इथवर येणार नाही, तर जुनं घर सोडून इथंच बांधू.

हा नेमका कसला थर आहे? पुराचा गाळ आम्ही लहानपणापासून बघतोय, तो असा नसतो. जाणकारांनी सांगावं.

मळीवाला (पलूस)

दादा, मी कृष्णाकाठचा. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या उसात कितीतरी दिवस पाणी उभं होतं. ऊस गेला. पण पाणी उतरल्यावर चार बोटं जाडीचा मऊ गाळ राहिला, हाताला पिठूळ, एक खडा लागत नव्हता. वाळल्यावर भेगा पडून त्याच्या पोपड्या सुटल्या. पुढच्या हंगामात त्यातच वांगी लावली आणि माल चांगला निघाला. मळीच्या जमिनीचा जोर तो. माझं मत, काढू नका. शेणखत घाला आणि धीर धरा.

खडकओळख (कराड)

मळीवाले दादा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो पलूसचा आहे. मोरणाकाठ भाऊंच्या खाचरात जे बसलंय ते वेगळ्या रीतीनं आलंय. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून नव्या-जुन्या विहिरींच्या कडा बघत फिरते, कारण आपल्या खोऱ्यांचा इतिहास तिथं उघडा पडलेला असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पूर येतो तेव्हा पाणी वाहतं आणि माती त्याच्या पाठीवर स्वार असते. वेग कमी झाला की आधी गोटे खाली बसतात, मग वाळू, मग पोयटा, आणि अगदी शेवटी, पाणी उभं राहिलं तरच, चिकणमाती. नदी चाळणी लावत जाते. सांगलीपर्यंत पोचतो तो या चाळणीतून उरलेला सगळ्यांत बारीक माल, म्हणून तो मऊ असतो आणि शेताशेतांतली वरची सुपीक माती त्यात असते.

दरडीचा राडा असा वाहत नाही. पाटणच्या डोंगरांवर कातळाच्या वर मुरमाचा आणि मातीचा जाड थर आहे. जुलै २०२१ मधे २२-२३ तारखेच्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस पडला की त्या थरातली सगळी पोकळी पाण्यानं भरते, आतलं पाणी कणांना एकमेकांपासून उचलून धरतं, पकड सुटते आणि उतारच्या उतार निसटतो. तो ओढ्यात शिरला की काठ, झाडं, जुने धोंडे ओरबाडत निघतो. त्यात निम्म्याहून जास्त भाग दगडमातीचा असतो, पाणी कमी. वजन पाण्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून एरवी पुराला हलणार नाहीत असे धोंडे त्यात सहज वाहून येतात. ओढा जिथं अरुंद दरीतून सपाटीला सुटतो तिथं राडा पसरतो, त्याची जाडी कमी होते, पाणी निथळतं आणि तो होता तसा थिजतो. चाळायला वेळच मिळत नाही. धोंडा, खडा, वाळू, चिकणमाती सगळं एकाच वेळी, एकाच जागी.

कुदळीला ठिणगी का उडते, तेही यातच आहे. मोठ्या खड्यांच्या फटीत लहान खडे, त्यांच्या फटीत वाळू, वाळूच्या फटीत माती. पोकळीच उरत नाही, त्यामुळे वाळल्यावर कडक होतं, पाणी मुरत नाही आणि मुळाला वाट मिळत नाही. शिवाय ही माती डोंगराच्या पोटातली, जिथं कधी पालापाचोळा कुजला नाही. भुईमूग पिवळा पडणार नाही तर काय.

जेसीबी बोलावण्याआधी माझं एवढं ऐका. वर, मधे आणि नदीकडे असे तीन खड्डे घ्या, एक कड सरळ तासा आणि नीट बघा. दगड चिखलात अधांतरी अडकलेत की एकमेकांवर टेकलेत? पुरानं आणलेले चपटे गोटे घरावरच्या कौलांसारखे एकावर एक कललेले असतात, सगळे एकाच दिशेला. राड्यात तसली शिस्त नसते, आणि बऱ्याचदा मोठे धोंडे तळाला नसून वरच दिसतात, कारण वाहताना बारीक माल फटींतून खाली उतरतो आणि मोठा वर ढकलला जातो. धोंडे गोल आहेत म्हणून ते नदीतून आलेत असं मात्र समजू नका. आपला काळा पाषाण कुजतानाच त्याचे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गाभा उरतो, तो डोंगरातच गोल असतो. जांभ्याचे तुकडे सापडतात का तेही पाहा. सापडले तर राडा अगदी वरून, सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सपाटीच्या, काठापासून आलाय.

आणि आबांना माझा नमस्कार सांगून सांगा की नदीत लोटू नका. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या फवाऱ्यांनी फोडले, तो राडा नद्यांत गेला, पात्रं उथळ झाली आणि सॅक्रामेंटोच्या सपाटीवरच्या शेतांत पूर आणि गाळ शिरू लागला. १८८४ मधे न्यायालयानं ते थांबवलं, पण नद्यांत पडलेला माल पुढं कित्येक दशकं खाली सरकत राहिला. गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञानं १९१७ मधे त्यावर सविस्तर अहवाल लिहिलाय. तुमच्या शेतातला राडा मोरणेत गेला तर पात्र उचललं जाईल आणि पुढच्या पावसात खालच्या वाडीच्या खाचरांत पाणी चढेल.

मळीवाला (पलूस)

ताई, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. दादा, माझा सल्ला मागं घेतो. वांग्याचं रोप हवं असेल तर मात्र कधीही सांगा.

मोरणाकाठ (पाटण)

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणं खड्डे घेतले. लिहायला चार दिवस उशीर झाला.

वरच्या खड्ड्यात थर असा नाहीच. तांबड्या चिखलात दगड कुठंही कसेही अडकलेत, मोठे वरच्या बाजूला. जांभ्याचे तुकडे भरपूर. ओढ्याच्या जुन्या वाटेच्या दोन्ही अंगांना धोंड्यांची लांबच लांब वरंब उभी राहिलीय, ती मला आधी लक्षातच आली नव्हती. मधल्या खड्ड्यात तसंच, पण दगड लहान. नदीकडच्या खड्ड्यात वाळू आणि मातीचे पुसट पट्टे दिसले, आणि त्याच्या खाली आमच्या खाचराची काळी माती लागली. त्या मातीवर त्या साली लावलेल्या भाताची रोपं काळी पडून आडवी झालेली, सगळी नदीकडं तोंड करून. आबा बराच वेळ खड्ड्याच्या काठावर बसून होते. नदीत लोटायचं त्यांनी स्वतःच रद्द केलं.

आणखी एक. शेजारच्या रानात चुलत्यांची जुनी विहीर आहे, वरचं बांधकाम ढासळलंय. तिच्या कडेला साधारण दीड पुरुष खोलीवर असाच पट्टा दिसतो, चिखलात अडकलेले दगड. त्याच्या वर काळी माती, खालीही काळी माती. हे काय?

शिवारातून (कोरेगाव)

शेतीपुरतं मी सांगतो. धोंड्यांच्या पट्ट्यात पीक घ्यायचा हट्ट सोडा, तिथं बांबू लावा. नदीकडच्या कडेला राडा पातळ आहे तिथं तो उकरून वरच्या अंगाला ढीग करा आणि तुमची जुनी काळी माती पुन्हा उघडी पाडा. तेच तुमचं खरं रान. मधल्या पट्ट्यात आधी ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येताना गाडा, सोबत शेणखत, आणि माती तपासून घ्या. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत जवळच्या तलावाचा गाळ मिळाला तर मधल्या पट्ट्यावर पसरा. तो गाळ म्हणजे मळीवाल्या दादांच्या शेतातल्या मातीचा भाऊच. ओढ्याला मात्र मोकळी रुंद वाट ठेवा, त्याच्या तोंडावर बांध घालू नका.

खडकओळख (कराड)

शिवारातून, अगदी योग्य सांगितलंत.

मोरणाकाठ भाऊ, तुमचे खड्डे वाचून मला फार बरं वाटलं. इतकं नीट बघणारे विद्यार्थी मला फार थोडे मिळाले. दोन्ही अंगांची धोंड्यांची वरंब म्हणजे राड्याची खास खूण. पुढचं तोंड मोठे धोंडे बाजूला सारत जातं आणि ते कडेला रांगेनं थांबतात. नदीकडचे पुसट पट्टे सांगतात की तिथवर पोचताना त्यात पाणी मिसळून ते पातळ झालं आणि थोडी चाळणी लागायला सुरुवात झाली. त्याच्याही खाली, मोरणेतून कोयनेत आणि कराडला कृष्णेत, नुसतं गढूळ पाणी गेलं. एकाच दरडीची ही तीन रूपं.

आता विहीर, आणि थोरल्या बंधूंचं घर. हे दोन्ही एकच प्रश्न आहेत.

विहिरीतला पट्टा म्हणजे याआधी आलेला राडा. तो आला, थिजला, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या माती तयार झाली, कुणीतरी त्यावर खाचरं पाडली, आणि २०२१ मधे पुन्हा तेच झालं. ओढ्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली ही थोडी उंच, निचऱ्याची जागा ओढ्यानंच अशा फेऱ्यांनी रचलीय. नदीच्या पुरापासून ती उंच आहे, बंधूंचं ते निरीक्षण बरोबर आहे. पण पुढचा धोका नदीकडून येणार नाही, तो पाठीमागच्या डोंगरातून येणार आहे, आणि त्याच्या वाटेवर ही जागा सगळ्यांत पुढं आहे. ओढ्यानं स्वतःची वाट भरून उंच केली की पुढच्या वेळी तो बाजूच्या खोलगट अंगानं फुटतो, म्हणून 'ओढ्यापासून जरा बाजूला बांधू' यालाही अर्थ नाही.

कोलंबियात आर्मेरो नावाचं गाव होतं, लागुनिया नदी दरीतून सपाटीला उतरते तिथं. १८४५ मधे नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीवरून चिखलाचा लोंढा आला होता, आणि त्याच थरावर पुढं हे गाव वसलं. जमीन सुपीक, जागा सपाट. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री तसाच लोंढा पुन्हा आला आणि वीस हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांच्या पायाखालीच सगळं लिहिलेलं होतं. आपल्या जवळचं पाहायचं तर ३० जुलै २०२४ ला वायनाडमधे पुंचिरीमट्टमच्या वर डोंगर सुटला आणि राडा काही किलोमीटर खाली चूरलमलापर्यंत गेला. तिथंही त्याच जागी आधीच्या दरडीची खूण उपग्रहाच्या चित्रांत होती. म्हणून बंधूंना माझ्या वतीनं हात जोडून सांगा, तिथं घर नको. गोठाही नको, रात्री जनावरांजवळ माणूस झोपतो. शेती करा, बांबू लावा.

दोन कामं लगेच करा. पावसाळ्याआधी गावातली धडधाकट मंडळी घेऊन सड्याच्या काठावर जा आणि सुटलेल्या जागेच्या वर नव्या भेगा, खचलेली जमीन, वाकलेली झाडं दिसतात का पाहा. दिसली तर फोटो आणि जागा तहसील कार्यालयात लेखी द्या, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडून पाहणीची मागणी करा. त्यांनी सह्याद्रीसाठी दरडप्रवण भागांचे नकाशे केलेत. मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं तर वर काहीतरी अडलंय असं समजून लगेच बाजूला व्हा, बघायला ओढ्याकडं जाऊ नका.

दुसरं काम विहिरीचं. त्या पट्ट्याच्या लगेच खालच्या काळ्या मातीत कोळशाचे कण सापडतात का बघा, कुणाच्या चुलीचा किंवा जाळलेल्या राबाचा कोळसा. सापडला तर हात न लावता स्वच्छ चाकूनं उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, खोली लिहून ठेवा. त्यातल्या कार्बनवरून आधीचा राडा साधारण कधी आला ते काढता येतं. दोर आणि पायऱ्या नीट तपासूनच विहिरीत उतरा, ढासळलेल्या कडेखाली एकट्यानं नको. मी पुढच्या आठवड्यात पाटणला येतेय, चुलत्यांची हरकत नसेल तर येऊन बघते.

मोरणाकाठ (पाटण)

या ताई, चुलत्यांना सांगितलंय. बंधूंना तुमचं लिहिलेलं फोनवर वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, ताई येतील तेव्हा मीही येतो, विहीर मला स्वतः बघायचीय. दोर आणि शिडी तयार ठेवतो.