ओपन सोर्समधली मैत्री: खरा आधार की फुकट राबवून घ्यायची गोड भाषा?

पेठेतला (धागाकर्ता)

कोल्हापुरात राजारामपुरीत वेबसाइटची कंपनी चालवणारे एक ओळखीचे गृहस्थ परवा म्हणाले, "कम्युनिटी-बिम्युनिटी काही नसतं. पोरं फुकट राबतात आणि आपण त्यावर धंदा करतो." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही वेबसाइट बनवायची ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही बघता, वापरता आणि बदलता येतो अशी, वीस-वीस वर्षं टिकली, ती माणसं एकमेकांना धरून राहिली म्हणून. वर्डप्रेसचा जन्मच बघा. 'बी२' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं आणि ते लिहिणारा प्रोग्रामर अचानक दिसेनासा झाला. जानेवारी २००३ मध्ये ह्यूस्टनच्या मॅट मलनवेगनं जाहीर लिहिलं की हे काम आपण पुढं न्यावं असं मनात आहे. इंग्लंडमधल्या माइक लिटलनं त्याखाली आपली तयारी कळवली. दोघांची गाठभेटही झालेली नव्हती. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती आली, आणि आज जगातल्या साधारण चाळीस टक्के वेबसाइट त्यावर चालतात.

माझाच अनुभव सांगतो. मी इथल्या एका मासिकाची साइट सांभाळतो. मराठी शीर्षकावरून तयार होणारे पानांचे पत्ते मध्येच तुटायचे, कधी कधी शब्दाच्या पोटातच. कारण मला सापडेना. शेवटी एका परदेशी स्वयंसेवकानं उलगडून सांगितलं: पत्त्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ चिन्हांची जागा खातं. म्हणजे बावीस झाली की संपलं. त्या माणसाला मराठीचा गंध नाही. तरी त्यानं स्वतःच्या मशीनवर आमचं शीर्षक टाकून बघितलं आणि कोडची नेमकी ओळ दाखवली. ह्याला मैत्री नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

उद्यमनगरकर

त्याला चांगुलपणा म्हणायचं. पण चांगुलपणावर कारखाना चालत नाही.

आमच्या गावात दूध संस्था आहे. सभासद दूध घालतो, दहा दिवसांनी बिल निघतं, दिवाळीला फरक मिळतो. संस्थेत मैत्रीही आहे, भांडणंही आहेत, पण घातलेल्या प्रत्येक लिटरची नोंद आहे. ओपन सोर्समध्ये दूध घालणारा एक आणि बिल घेणारा भलताच.

२०१४ चं हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएलमधली ती सुरक्षेची मोठी चूक, आठवा. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ज्या ओपनएसएसएलवर निम्म्याहून जास्त वेब विसंबून होतं, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या साधारण दोन हजार डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. बँका वापरत होत्या, मोठमोठ्या कंपन्या वापरत होत्या. त्या वेळी हे मित्र कुठं होते?

गडहिंग्लजची

दादा, हिशेबाचं तुमचं बरोबर आहे, पण एक बाजू राहून गेली.

मी इथंच इंजिनिअरिंगला आहे. कॅम्पस मुलाखतीत पहिला प्रश्न असतो कॉलेज कुठलं, आणि इंग्रजी अडखळलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. मी पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला तेव्हा यातलं कुणी काही विचारलं नाही. फक्त सांगितलं, "हे चालेल, पण याला टेस्ट लिही." लिहिली. परत पाठवली. तिसऱ्यांदा पाठवल्यावर घेतली, आणि त्या आवृत्तीत योगदान देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं. ज्या बाईंनी तपासलं त्या आजही माझा कोड वाचून चार गोष्टी सांगतात. पगार मिळाला नाही हे खरं. पण हे शिकवायला दुसरं कुणीही तयार नव्हतं.

जुना सिसॅडमिन

तुम्हा दोघांपेक्षा मला तिसरीच भीती वाटते. मैत्रीचं सोंगही घेता येतं.

एक्सझेडचं प्रकरण आठवत असेल. फाइल लहान करणारं साधं ओपन सोर्स, जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर. वर्षानुवर्षं एकटा लासे कोलिन सांभाळायचा, तोही थकलेला. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी आला, दोनेक वर्षं गोड बोलून खरंखुरं काम करत राहिला. दुसऱ्या काही खात्यांनी कोलिनच्या मागं टुमणं लावलं, की तुला वेळ नाही तर दुसऱ्याच्या हाती दे. त्यानं विश्वासानं अधिकार दिले. आत चोरदार बसवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची शंका आली, म्हणून सापडलं. नाहीतर किती सर्व्हर उघडे पडले असते, विचार करा.

मला सही-शिक्क्याची प्रक्रिया पाहिजे. कोण किती गोड बोलतो याच्याशी मला देणंघेणं नाही.

पेठेतला

काका, हे उदाहरण मी माझ्याच बाजूनं घेतो. कोलिननं ग्रुपमध्ये उघड लिहिलं होतं की आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. ते वाचून त्याच्या बाजूनं ठामपणे उभं राहणारं कुणी होतं का? दोन माणसं जरी म्हणाली असती, "गड्या, तू विश्रांती घे, आम्ही बघतो," तरी त्या भामट्याला आत शिरायला फट मिळाली नसती. कोलिन एकटा पडला होता आणि हल्ला करणाऱ्यानं नेमकं तेच हेरलं. प्रक्रिया पाहिजेच, पण ती राबवणारी माणसं थकली की कागदावरच राहते.

आणि फ्रॉइंडनं सापडलेलं स्वतःपुरतं ठेवलं नाही. २९ मार्चला सगळ्यांसमोर मांडलं, आणि जगभरचे लोक तपासायला बसले. बंद सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही-आम्ही आत डोकावूसुद्धा शकलो नसतो.

रंकाळा चौपाटी

मैत्री-मैत्री म्हणताय, पण २०२४ च्या सप्टेंबरात काय झालं? वर्डप्रेसचा म्होरक्या आणि एक मोठी होस्टिंग कंपनी यांची जुंपली. प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबरात वर्डप्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर लॉगिनच्या पानावर चौकट आली: त्या कंपनीशी आपला संबंध नाही असं टिक करा, मगच आत या. वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांना दारात उभं करून हे विचारायचं! आमच्याकडं तालमीत वस्तादांचं वाजलं म्हणून पोरांना दारात कुणी अडवत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

गडहिंग्लजची

मलाही वाटलं. पण म्हणूनच लायसन्स महत्त्वाचं. जीपीएल या लायसन्समुळे कुणीही कोड घेऊन वेगळी चूल मांडू शकतो. २००५ मध्ये मॅम्बो या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या डेव्हलपरांनी तेच केलं आणि जूमला उभं राहिलं. कोड तर कुणीही उचलून नेला असता. जूमला चाललं, कारण ती सगळी टीमच एकत्र बाहेर पडली.

उद्यमनगरकर

ताई, हा मुद्दा बिनतोड आहे. टीम एकत्र राहिली म्हणून निभावलं, मान्य.

तरी माझं मूळ म्हणणं सोडत नाही. कोल्हापुरात या सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या कंपन्या काही कमी नाहीत, त्यात माझीही एक. परत देणाऱ्या किती? मी पोरांना सांगतो शनिवार-रविवारी घरी बसून कर, हे बंद झालं पाहिजे. शुक्रवारी दुपारनंतर, कंपनीच्या वेळेत, पगारावर. ज्या प्लगइनवर, म्हणजे वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरवर, आपली गिऱ्हाइकं चालतात, त्याचीच तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी, आधी.

जुना सिसॅडमिन

आणि गिऱ्हाइकाची डेडलाइन शुक्रवारीच आली तर?

उद्यमनगरकर

तर गिऱ्हाइकाला सोमवार सांगायचा. पहिल्या महिन्यात दोघं बसतील, त्यातला एक मराठी पत्त्यांच्या त्या २०० च्या मर्यादेवर. पेठेतले, ते तिकीट इथं टाका.