मदत हवी आहे: ई-टाइपचं इंजिन मूळचंच आहे का, कसं ओळखायचं?

मंडळी, गेले दोन महिने एका जॅग्वार ई-टाइपच्या मागे आहे. १९६६ ची, ४.२ लिटरची, बंद टपाची कूपे, स्टिअरिंग डावीकडे. विकणाऱ्या गृहस्थांचं पहिल्या फोनपासून एकच पालुपद: "मॅचिंग नंबर्स आहे हो, इंजिन कारखान्यातून आलं तेच." किंमतही त्याच हिशेबाने लावलीये.

काल परत गेलो. तो लांबलचक बॉनेट उघडला आणि टॉर्च, चिंधी घेऊन दीड तास आत डोकं घालून बसलो. जे दिसलं ते सांगतो.

चासी नंबर पुढच्या फ्रेमवर उजवीकडे, शॉक अॅब्सॉर्बरच्या माउंटिंगच्या वर आहे. १ई३ ने सुरू होतो, म्हणजे डाव्या स्टिअरिंगची ४.२ कूपे, ते बरोबर. गाडीचे सगळे नंबर कोरलेली जी धातूची प्लेट असते, तिच्यावरही हाच नंबर. इंजिन नंबर ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या वर. तेलाचा थर इतका जुना होता की चिंधीने निघेना, नखाने खरवडला. ७ई, शेवटी ८४१-९. प्लेटवरही ८४१-९. इथवर मी खूश.

मग हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, बघितलं. पुढच्या टोकाला, दोन कॅमशाफ्टच्या मधल्या खोबणीत नंबर आहे: ७ई, पण शेवटी ५२६-९. मालकांना विचारलं तर म्हणाले, "हेड काय, बदलतातच."

प्रश्न असा की ब्लॉक आणि प्लेट जुळतात, हेड जुळत नाही, तर याला मूळ इंजिन म्हणायचं का? आणि हेड नक्की बदललेलंच आहे ना?

प्रतिसाद: तिसरा_गिअर
हेडचा नंबर वेगळा म्हणजे विषय संपला. नमस्कार करा आणि पुढची गाडी बघा.

प्रतिसाद: जुनाट_पिस्टन
इतकी घाई नको. या एक्सके इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. कूलंटकडे दुर्लक्ष झालं की हेड आतून खाल्लं जातं, मग ते बदलतात, यात तुमचे मालक चुकीचं बोलत नाहीत. शेवटचा -९ म्हणजे ९:१ कॉम्प्रेशन, तो दोन्हीकडे आहे, त्यावरून काही ठरत नाही.

एक चांगली गोष्ट म्हणजे ब्लॉकवर ७एल नाही. जॅग्वारच्याच एक्सजे६ सेडानमध्ये हेच ४.२ इंजिन असायचं, फक्त दोन कार्ब्युरेटरचं. भंगारातली एक्सजे६ आणायची, तिच्या इंजिनावर ई-टाइपचं मॅनिफोल्ड आणि तीन एसयू कार्ब्युरेटर चढवायचे, की वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ७एल दिसला की समजायचं सेडानचं इंजिन आहे.

पण मला खटकतंय ते वेगळंच. तुम्ही प्लेट प्रमाण मानून बाकीचं तिच्याशी ताडताय. अहो, सगळ्या गाडीत बदलायला सर्वांत सोपी तीच! कोऱ्या प्लेटा नव्या बनवून मिळतात, चार रिव्हेट काढायचे, हवा तो नंबर ठोकायचा, चार रिव्हेट मारायचे. ब्लॉक वर्षानुवर्षं तेलात माखलेला आणि प्लेट कशी आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. रिव्हेट बघा. गिअरबॉक्सचा नंबरही प्लेटवर असतो, तो ताडा.

प्रतिसाद: घासलेला_क्लच
कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारवाल्यांकडून एक धडा घ्या. तिकडे नंबर असतो उजव्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट पट्टीवर. कारखान्यात ती पट्टी तासताना तिच्यावर बारीक समांतर रेघा उठतात. नंबर घासून नवा ठोकला की त्या रेघा जातात, म्हणून जाणकार आधी रेघा बघतात आणि मग आकडे. शिवाय ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. ब्लॉक गाडीनंतर ओतलेला निघाला तर वादच मिटला. तुमच्या गाडीतही नंबराभोवतीचा पृष्ठभाग बघा: शेजारच्या बिडासारखाच खरखरीत आहे की तेवढाच चौकोन गुळगुळीत?

धागाकर्ता
आज पुन्हा गेलो (मालकीणबाईंनी चहाबरोबर खुर्चीही दिली, आता घरचाच झालोय).

ब्लॉक: घासल्याची काहीही खूण नाही. आकड्यांच्या खाचांत जुना काळा थर बसलेला, भोवतीचं बीड सगळीकडे सारखं. नंबर खरा वाटतो.
प्लेट: हं. रिव्हेट चकाचक. खालच्या पत्र्यावर रंगाचा एक जुना काठ दिसतो आणि तो नव्या प्लेटच्या कडेशी जुळत नाही, केसभर बाहेर राहतो.
गिअरबॉक्स: प्लेटशी जुळतो.

म्हणजे ब्लॉकचा नंबर खरा आणि प्लेट नवी. आता माझं डोकं चालेना.

प्रतिसाद: जुनाट_पिस्टन
माझं चालायला लागलंय, पण अंदाज सांगत नाही. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी हे सगळे मूळ नंबर येतात, वर मूळ रंगही. अर्ज मालकाला करावा लागतो, तेव्हा तुमच्या गृहस्थांना करू दे. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच.

धागाकर्ता
नाही म्हणाले नाहीत. नाराजीनेच, पण केला अर्ज.

धागाकर्ता (पुढचं)
प्रमाणपत्र आलं. मंडळी, बसून वाचा.

चासी जुळतो. गिअरबॉक्स जुळतो. इंजिन नंबर: ७ई, शेवटी ५२६-९.

म्हणजे मी ज्याला परकं समजत होतो ते हेडच मूळचं! परका निघाला तो ब्लॉक, आणि त्या ब्लॉकशी जुळावी म्हणून कुणीतरी प्लेट नवी करून घेतली. मालक म्हणतात त्यांनी गाडी घेतली तेव्हाही हीच प्लेट होती. चेहऱ्यावरून खरं वाटलं.

प्रतिसाद: जुनाट_पिस्टन
हाच अंदाज होता. ३.८ लिटरच्या इंजिनाचं ४.२ करताना सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटरवरून ९२ वर नेला, पण ब्लॉकची लांबी तेवढीच. मग सिलिंडर एकमेकांना चिकटवावे लागले, टोकाचे बाहेर सरकवले आणि मधले दोघे जवळ आणले. त्या चिकटलेल्या भिंतींत तडे जातात, जुन्या ४.२ चा हा नेहमीचा आजार. तडा गेला की ब्लॉक बाद, हेड मात्र धड असतं. तुमच्याकडे बहुधा तसंच झालं, आणि ज्याने केलं त्याने निदान दुसऱ्या ई-टाइपचाच ब्लॉक शोधला, सेडानचा नाही. प्लेट बदलली नसती तर मी त्याला शाबासकी दिली असती.

प्रतिसाद: तिसरा_गिअर
तरी मी म्हणालो होतो मॅचिंग नाही म्हणून 😄

धागाकर्ता
हो, पण चुकीच्या कारणाने!

गाडी घेतोय. भाव उतरला, बऱ्यापैकी. विक्रीच्या कागदावरून "मॅचिंग नंबर्स" खोडून "ब्लॉक बदललेला, हेड मूळचं" असं लिहून घेतलं आणि दोघांनी सही केली. प्लेटचं काय करावं, यावर मतं हवीत: प्रमाणपत्राप्रमाणे दुसरी करून लावावी तर ती ब्लॉकशी जुळणार नाही, आणि आहे तीच ठेवावी तर खोटी बोलते.