प्रतिसाद: डिफेन्सिव्ह बॉक्सर नुसते पळतात?
"मेवेदर नुसता पळतो आणि पॉइंटवर जिंकतो" हे अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरबद्दल वर दोघातिघांनी लिहिलंय (पॉइंटवर म्हणजे नॉकआउट न करता, जजांनी दिलेल्या गुणांवर), ते काही फाइट्सना लागू असेलही, पण २००७ची ब्रिटिश बॉक्सर रिकी हॅटनविरुद्धची त्याची मॅच परत बघा. हॅटन तोपर्यंत एकही हरला नव्हता, आणि त्याची पद्धत एकच, अंगावर जायचं, चिकटायचं, बरगड्या फोडायच्या. सुरुवातीला ते चाललंही. पण मेवेदर पळत नव्हता हो, हॅटन आत शिरला की कोपर मध्ये घालून किंवा मिठी मारून त्याचे हात अडकवायचा आणि तो यायच्या आधीच सरळ राइट हँड तोंडावर. हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो हे लोक विसरतात, हात हवेत जातो, तोल सावरायचा, पुन्हा पाय रोवायचे, आणि हे सगळं दर राउंडला तीन मिनिटं. त्यात सहाव्या राउंडला रेफरीने हॅटनचा पॉइंट कापला, मग तो आणखीच भडकला आणि डोकं खाली घालून घुसायला लागला.

दहाव्या राउंडला तो असाच झेपावला, तेव्हा मेवेदरने डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मारता मारता पाय फिरवून स्वतःला बाजूला काढलं (याला चेक हुक म्हणतात) आणि हॅटन स्वतःच्याच वेगात रिंगच्या कोपऱ्यातल्या पॅडवर डोकं आपटून खाली. उठला बिचारा, पण पाय राहिले नव्हते, लगेच परत पडला आणि रेफरीने मॅच थांबवली. आता यात पॉइंटवर जिंकणं कुठे आलं?