मदत हवी आहे : जुनी सॅन स्टॉर्म घ्यावी का?

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरचा असून, गोव्यात नोंदणी झालेली एक वापरलेली पण अतिशय जपलेली सॅन स्टॉर्म सध्या माझ्या पाहण्यात आली आहे. दोनच आसनांची, उघड्या टपाची, फायबरची बॉडी आणि रेनोचे 1149 सीसीचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी भारतात तयार झाली, आणि तिच्यासारख्या गाड्या आपल्याकडे फारच थोड्या बनल्या, म्हणूनच संग्रहासाठी ती मला परदेशी गाड्यांपेक्षाही मोलाची वाटते.

फायबरला गंज चढत नाही. परंतु बिजागऱ्यांजवळ बारीक तडे जातात, आणि खालची लोखंडी चौकट गंजली असेल तर वरून ते कळत नाही. ती कोठे व कशी तपासावी? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा कापडी टप आणि रबरी पट्ट्या तडकू नयेत म्हणून अनुभवी मंडळी काय करतात?

गाडीला 15 वर्षे उलटून गेली आहेत. विंटेज नोंदणीसाठी 50 वर्षांची अट असल्याने तो मार्ग बंद आहे. म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, नोंदणीचे नूतनीकरण आणि एमएच 13 क्रमांक हे सारे करावे लागेल. यांपैकी आधी काय करून घ्यावे? मूळ टप, मूळ रंग आणि सर्व्हिसची जुनी बिले या गाडीसोबत आहेत. त्यांसाठी किती जास्त किंमत मोजणे योग्य ठरेल, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.